समुद्राला जायची तयारी

आमच्या घरात समुद्र कुणीच पाहिला नव्हता, आणि आबा तो पंधरा वर्षं शाळेत शिकवत होते. आबा म्हणजे माझे वडील. निमगाव केतकीच्या शाळेत भूगोल त्यांच्याकडं असायचा. भरती-ओहोटीचा धडा आला की ते फळ्यावर मोठा चंद्र काढायचे, खाली पृथ्वी, तिच्या दोन्ही अंगांना फुगलेलं पाणी, आणि मग डस्टर हातात घेऊन पाणी कसं पुढं येतं नि कसं मागं जातं ते पुसून पुसून दाखवायचे. मी दहावीला होते त्या वर्षी आठवीतल्या एका पोरीनं त्यांना सरळच विचारलं, "गुरुजी, तुमी बघितलाय का समुद्र?" व्हय म्हणाले असते तरी कुणाला कळणार नव्हतं. पण आबा म्हणाले, "न्हाय." सगळा वर्ग हसला. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, ओसरीवर बसले, चहा तसाच गार होऊ दिला आणि मला म्हणाले, "तुझी परीक्षा झाली की समुद्र बघाय जायाचं. मे महिन्यात. आपल्या जीपनं."

आमचं घर गावाबाहेर, पानमळ्याला लागून. शेवरीच्या झाडांवर चढवलेले खायच्या पानांचे वेल, आत शिरलं की भर उन्हाळ्यातसुद्धा अंगावर गार ओलावा यायचा. सकाळी पानं खुडणाऱ्या बायका यायच्या, अंगठ्यात पत्र्याची नखी घालून. त्या नखीचा बारीक कट्‌कट् आवाज आणि पलीकडं विहिरीवरच्या इंजिनाची धडधड, या दोन आवाजांवर आमचं घर जागं व्हायचं. मळा बघायचे तात्या, आबांचे थोरले भाऊ. काकी फार लवकर गेल्या होत्या, त्यांना मूलबाळ नव्हतं. तेव्हा घरात आम्ही चौघं: तात्या, आबा, आई आणि मी. तात्या आणि आई एका छपराखाली सोळा वर्षं राहत होते, पण जुन्या रीतीप्रमाणं तात्या धाकट्या भावजयीशी थेट बोलायचे नाहीत. आई समोर दोन हातांवर असली तरी ते मला सांगायचे, "आईला म्हणावं, मीठ कमी हाय." आणि आईही पदर सारखा करून मलाच म्हणायची, "तात्यांना म्हणावं, हितं वाटीत ठेवलंय." मला त्यात काही वेगळं वाटत नसे. घरोघरी असंच असतं अशी माझी समजूत होती.

जीप घेतली होती ती पानांच्या टोपल्या बारामतीच्या आणि इंदापूरच्या बाजारात पोहोचवायला. जुनीच होती, ताडपत्रीचं छप्पर, दारं नव्हतीच. आत कायम ओल्या गोणपाटाचा आणि पानांचा वास. चालवायला नामदेव नावाचा गडी होता. आबांना चालवता येणार नव्हती, कारण लहानपणी शेवरीची फांदी लागून त्यांचा डावा डोळा अधू झाला होता. तात्यांना चालवायची नव्हती. स्टेअरिंगला हात लावला की माणूस मळ्यातनं उठतो, असं त्यांचं मत होतं.

तयारीचं काम माझ्याकडं आलं. शाळेतला महाराष्ट्राचा नकाशा आबांनी सुट्टीत घरी आणला. त्यावर पातळ कागद अंथरून मी रस्ता गिरवला. बारामती, फलटण, सातारा, उंब्रज, पाटण, कोयना, तिथून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि पुढं गुहागर. आबांना नुसतं गुहागर नको होतं. किनाऱ्या-किनाऱ्यानं वेळणेश्वर, मग हेदवी. हेदवीला खडकात एक चिंचोळी घळ आहे, भरतीला तिच्यातनं पाणी माडाइतकं उंच उसळतं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. "यष्टीनं जावा की," तात्या म्हणाले, "जीप कशाला पायजे?" आबा म्हणाले, "तात्या, भरती यायच्या येळंला यष्टी थांबल का आपल्यासाठी?"

अडचण होती ती उतरायच्या जागेची. आबांच्या शाळेत कोकणातनं बदलून आलेले एक सर होते. त्यांनी अकरा पत्ते दिले, घरगुती सोय करणाऱ्यांचे, आणि वर म्हणाले, "गुरुजी, मे महिना म्हणजे आमच्याकडं मुंबईची माणसं. पायरीसुद्धा मोकळी मिळणार नाही." मी अकरा पोस्टकार्डं लिहिली, वळणदार अक्षरात. आज माझा नातू बारामतीच्या घरात सोफ्यावर पडल्यापडल्या फोनवर अंगठा फिरवतो आणि समुद्र दिसणारी खोली पाच मिनिटांत ठरवून मोकळा होतो. मी त्याला ती अकरा पोस्टकार्डं सांगितली तेव्हा त्यानं विचारलं, "मग उत्तर येईपर्यंत तुम्ही काय करायचात?" काय करणार? पोस्टमनची सायकल दिसायची तेवढ्या रस्त्यावर डोळे लावून बसायचो.

उत्तरं येत गेली. जागा नाही. क्षमस्व. एकानं तर लिहिलं होतं की पुढच्या मे महिन्यासाठी आत्ताच नाव घालून ठेवा. आठ नकार आले, दोघांनी उत्तरच दिलं नाही. उरलेलं एक उत्तर गुहागरच्या नर्मदाकाकूंचं. ते अजून मला पाठ आहे. "खोली नाही. पडवी आहे. वारा चांगला येतो. मुंबईची मंडळी मे अखेरच्या बुधवारी सकाळी जातील, दुसरी शनिवारी दुपारी येतील. मधले दिवस तुमचे. पुढे-मागे करता येणार नाही. जेवण शाकाहारी. येणार असाल तर उलट टपाली कळवा." आबांनी ते कार्ड दोनदा वाचलं, आईला वाचून दाखवलं, आणि त्याच दिवशी इंदापूरला जाऊन 'येतो' म्हणून उत्तर टाकून आले. गावातल्या पेटीवर त्यांचा तेवढा भरवसा नव्हता.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी नामदेव टोपी हातात घेऊन ओसरीवर उभा राहिला. "गुरुजी, माझं लगीन ठरलं."

"अरे वा!" आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "कवा?"

नामदेव खाली बघायला लागला. "ती तुमी समुद्राला जायाचं म्हणताय न्हवं, त्याच बेस्तरवारी."

आबा मोठ्यानं हसले, मग आत जाऊन नर्मदाकाकूंचं कार्ड परत वाचून आले. पुढचे आठ दिवस त्यांनी दुसरा चालक शोधण्यात घालवले. कळसला गेले, कळंबला गेले, बारामतीच्या स्टँडवर जाऊन विचारून आले. लग्नसराई होती. ज्याला गाडी चालवता येत होती त्या प्रत्येक माणसाला कुठलं ना कुठलं वऱ्हाड न्यायचं होतं. आठव्या दिवशी आबा आले, हातपाय धुतले आणि नकाशाचा पातळ कागद घडी करून फडताळात ठेवून दिला. ते मला सहन होईना. मी भूगोलाच्या पेपरात भरती-ओहोटीची आकृती काढून आले होते, तीही त्यांच्यासारखीच.

रात्रीच्या जेवणाला शेंगांची आमटी होती. आई चुलीपुढं, आम्ही तिघं पंगतीला. आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "मी शिकते."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय शिकती म्हणती आई?"

"जीप," आई म्हणाली.

तात्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला होता, तो तसाच आत राहिला. "आईला म्हणावं, जीप म्हंजी म्हस न्हवं, दावं वढलं की थांबाय."

"तात्यांना म्हणावं," आई पाठ न वळवता म्हणाली, "म्हशीला ब्रेक नसतो."

मला ठसका लागला. आबा ताटाकडं बघत हसू दाबत होते. मग त्यांनी मान वर केली आणि आईला विचारलं, "खरंच शिकतीस?" आई म्हणाली, "दीड महिना हाय. तुमी पंधरा वर्सं थांबलाय. मी दीड महिन्यात एवढं शिकणार न्हाय व्हय?"

शिकवायचं नामदेवनंच कबूल केलं. आपल्या लग्नामुळं गुरुजींचा समुद्र हुकतोय याची त्याला मनापासून लाज वाटत होती. रोज सकाळी पानांची खेप टाकून आला की तो जीप कॅनॉलच्या भरावावरच्या वाटेला लावायचा. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला रानं, मधे बैलगाडीपुरती सपाट वाट. आईनं नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, पदर कमरेला खोचलेला. नामदेव म्हणाला, "वैनी, हे बेस हाय. गोल साडी असती तर पायात आली असती." मी मागं बसायचे. पहिले चार दिवस जीप फक्त गचके खायची. खुरपायला निघालेल्या बायका वाटेच्या कडेला उभ्या राहून बघायच्या आणि ओरडायच्या, "मास्तरीणबाई, आमाला बी घ्या की वर!" आई समोरची नजर न काढता म्हणायची, "उतरायची खातरी न्हाय, बसा चालत असंल तर!"

सहाव्या दिवशी भरावावरून खाली उतरताना ब्रेकऐवजी दुसऱ्याच पेडलवर तिचा पाय पडला आणि जीप शेजारच्या किसनरावांच्या मक्यात शिरली. कणसं धरलेला मका, चांगला वीस-पंचवीस पावलं आडवा झाला. किसनराव धावत आले. आई खाली उतरून हात जोडून उभी. किसनरावांनी मक्याकडं बघितलं, जीपकडं बघितलं, आणि म्हणाले, "वैनी, मका मोडला त्येचं काय न्हाय. पर फुडच्या येळंला त्या अंगाला कडवळात घाला. ते उद्या कापायचंच हाय."

गावभर हसू झालं. पाराजवळून जाताना लोक आबांना विचारायचे, "गुरुजी, समुद्र मक्यातनं जातो व्हय?" आबा हसून सोडून द्यायचे, पण आई तीन दिवस जीपजवळ फिरकली नाही. चौथ्या दिवशी मी तिला शोधत मळ्यात गेले. ती वेलांच्या सावलीत, ओल्या सरीच्या कडेला एकटीच बसली होती. मला वाटलं रडतेय. ती म्हणाली, "गंमत सांगू का तुला? भाकरी थापताना माझा डावा पाय आपोआप खाली दाबला जातो. कलच. झाडताना बी. भ्या तर वाटतंय मला. पर आता सोडलं तर ह्यो पाय गप बसायचा न्हाय." आणि उठली, लुगड्याची माती झटकली, नामदेवला हाक मारायला गेली.

परवान्याच्या परीक्षेला आम्ही बारामतीला गेलो. शिकाऊ परवाना काढून महिना झाला होता. साहेब मोठे सभ्य होते. त्यांनी आबांना पुढं बसायला सांगितलं. आबांनी आईकडं बोट केलं. साहेबांनी कागद परत बघितला, नाव वाचलं, "सुमन," आणि म्हणाले, "या, ताई." आईनं सांगितलं तसं वळवलं, मागं घेतलं, थांबवलं. साहेब उतरले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या शर्टाला गोणपाटाचं पाणी लागलं होतं, पण त्यांनी सही केली. येताना आईनं बारामतीत उसाचा रस पाजला आणि स्वतः दोन ग्लास प्याली.

मला वाटलं, आता झालं. पण घरी आल्यावर तात्या ओसरीवर वाट बघतच होते. मला म्हणाले, "आईला म्हणावं, हे सपाट रान हाय. हितं समद्यांनाच येतं. घाट जाताना उतरशीला, येताना चढाय लागंल. चढाला मधीच थांबाय लागलं, म्हागं ट्रक असला, तर? ते दाखवावं मला. मग जावा."

राग यावा असं त्यात काही नव्हतं. ते बरोबर बोलत होते. पण आमच्या भागात घाट आणायचा कुठून? नजर जाईल तिथवर रान सपाट. चढ म्हणावा असा एकच, कॅनॉलच्या भरावावर चढायचा मातीचा रस्ता. तो मात्र चांगलाच उभा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे तिथं जमलो. तात्यांनी घरातला पाण्याचा पितळी तांब्या आणला होता, काठोकाठ भरून. आईनं जीप चढाच्या मधोमध नेऊन थांबवली. तात्यांनी तो तांब्या मागच्या चाकामागं ठेवला, एक वीत अंतरावर. "ह्यो सांडला न्हाय पायजे," ते मला म्हणाले. मला सांगायची गरजच नव्हती, आईनं ऐकलं होतं.

पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. ब्रेक होता, जीप जागची हलली नाही. दुसऱ्यांदा आईनं ब्रेक सोडला आणि क्लच पकडायच्या आत चाक मागं आलं. तांब्या कलंडला. पाणी मातीत जिरून गेलं. कॅनॉलवर एक पाणकोंबडी ओरडत होती. आबांनी चष्मा काढला आणि उपरण्यानं पुसत राहिले. मी मनातल्या मनात नर्मदाकाकूंना येत नसल्याचं पोस्टकार्ड लिहायला लागले होते.

तात्यांनी वाकून तांब्या उचलला. एका बाजूनं थोडासा चेपला होता. ते भरावावर चढले, कॅनॉलमध्ये उतरून तो परत भरून घेऊन आले. चाकामागं ठेवला, पण आता वीतभर नाही, चार बोटांवर. आणि मग जीपच्या बाजूनं चालत पुढं आले, आईच्या शेजारी उभे राहिले. "सुमन," ते म्हणाले. सोळा वर्षांत मी त्यांच्या तोंडून आईचं नाव ऐकलं नव्हतं. "ब्रेक सोडाय घाई करू नगं. आधी इंजान वढू दे. आवाज दाटला, नाक वर उचललं, की मग सोड. जू धरल्यावर बैल आधी खांदा देतो आन मग पाय उचलतो, तसं."

आईनं एरवीसारखंच त्यांच्याकडं बघितलं नाही. पण म्हणाली, "व्हय, तात्या." थेट त्यांनाच.

इंजिनाचा आवाज दाटला. जीपचं नाक किंचित वर आलं. एक क्षण ती तशीच थरथरत राहिली आणि मग सरळ वर चढली, भरावाच्या माथ्यावर जाऊन थांबली. तांब्यातलं पाणी हललंसुद्धा नाही. तात्यांनी तांब्या उचलला, घटाघटा निम्मं पाणी प्याले, उरलेलं आबांच्या हातात दिलं. "जावा," म्हणाले. "मळ्याचं मी बघतो. मला काय करायचाय समुद्र, हितं पाण्याला तोटा हाय का?"

त्यानंतर तात्या आईशी बोलायला लागले. जास्त नाही, दिवसातून चार वाक्यं. पण मधे मी लागेनाशी झाले, आणि खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्यासारखं झालं.

नामदेवच्या हळदीला आम्ही गेलो, नवऱ्या मुलानं पिवळ्या हातांनी जीपच्या चाकांची हवा तपासली, आणि बुधवारी पहाटे आम्ही निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खर्डा, पाण्याची मातीची घागर गोणपाटात बसवलेली. फलटणच्या पुढं उजाडलं. माझ्या मांडीवर नकाशाचा कागद, आबा बाजूला बसून गावांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते, वर्गात हजेरी घ्यावी तसे. कुंभार्लीला गर्दी होतीच. सुट्टीचे दिवस, खालून मुंबईकरांच्या गाड्या, वरून मालाचे ट्रक. एका वळणावर सगळंच अडकलं. खालून चढत आलेल्या एका ट्रकवाल्यानं गाडी मागं घेऊन आम्हाला वाट दिली, आणि शेजारून जाताना त्याला स्टेअरिंगमागची नऊवारी दिसली. त्यानं हात वर केला. आईचे दोन्ही हात गुंतलेले, तिनं नुसती मान हलवली. घाट उतरेपर्यंत तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. खाली आल्यावर एका आंब्याच्या झाडाखाली जीप थांबवली, आणि तेव्हा दिसलं की तिच्या तळहातांवर स्टेअरिंगचा लाल वळ उठला होता. "बया," ती म्हणाली, "झाडं किती हायती हितं!"

हल्ली त्या रस्त्यानं मी मुलाच्या गाडीतनं जाते. काचा बंद, आत गार. घाट कधी सुरू झाला नि कधी संपला ते कळत नाही. मला मात्र प्रत्येक वळणावर पाय दाबावासा वाटतो.

गुहागरला पोहोचायला दुपारचे चार वाजले. नर्मदाकाकू माडांच्या रांगेत अंगणात उभ्या होत्या, ठेंगण्या, गोऱ्या, हातात पंचा. पडवी सारवून ठेवली होती. समुद्र दिसत नव्हता, पण घराच्या मागं, माडांच्या पलीकडं काहीतरी मोठं सतत श्वास घेत होतं. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. आबा तो ऐकून जागीच थांबले होते. त्यांची पावलं तिकडं वळलीच होती, एवढ्यात काकू म्हणाल्या, "उशीर झाला हो तुम्हाला. ताटं झाकून ठेवली आहेत. आणि तुमच्या ड्रायव्हरची सोय मागच्या खोलीत केलीय. बिचारा घाटातून आलाय, दमला असेल. त्याला आधी वाढते. कुठं आहे तो?"

आबांनी विहिरीकडं बोट केलं. आई वाकून तोंडावर पाणी मारत होती. "ती काय," आबा म्हणाले. "आमच्या घरचीच हाय."

काकूंनी आईकडं बघितलं. मग जीपकडं. मग परत आईकडं. मग आत वळून सुनेला हाक मारली, "अगं, पाट मांड. एकच मांड. बाकीच्यांना थांबू दे."

आईला त्यांनी हाताला धरून आत नेलं. ती नको नको म्हणत होती, यांना आधी वाढा म्हणत होती, पण काकूंनी तिला पाटावर बसवलंच. मऊ भात, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, वाटीत आमरस. ती संकोचत पहिला घास घेत होती आणि दारातनं आमच्याकडं बघत होती. आबा आणि मी पडवीच्या पायरीवर बसलो. मागं तो आवाज सारखा येत होता, जवळ, अगदी दोनशे पावलांवर. मी आबांचा सदरा ओढला. "आबा, चला की. नुसतं बघून येऊ."

आबांनी मान हलवली. चष्मा काढून उपरण्यानं पुसला, परत लावला, आणि आत बघत म्हणाले, "थांब जरा. तुझ्या आईचं जेवण होऊ दे."